स्मृतिदिनाची तयारी करणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

सप्रेम जय भीम.

तुझे पत्र वाचून झाल्यावर लगेच उत्तर लिहायला बसले आहे, कारण तुझ्यापुढचे प्रश्न मनात ठेवून देण्यासारखे नाहीत. तुझ्या आतेभावाला शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, वादाचे निमित्त करून, जातीचा राग मनात धरून मारले गेले, त्याला यंदा दहा वर्षे होतील. वस्तीतल्या तरुणांना विहारापुढे मोठी सभा घ्यायची आहे, बॅनरवर त्या रात्रीचा फोटो छापायचा आहे, गावातले काहीजण जुने उकरून काढू नका म्हणून निरोप पाठवीत आहेत, आणि या सगळ्यांत तुझी आत्या मात्र काहीच बोलत नाही, असे तू लिहितेस. माझ्या मते तुझे काम आत्यापासून सुरू होते. बाकीच्यांशी काय बोलायचे ते त्यानंतर ठरेल.

अशा मरणात घरच्यांना शोक करायला सवडच मिळत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. एरवी आपल्याकडे माणूस गेला की शेजारपाजारच्या बाया येऊन बसतात, चूल दुसऱ्याच्या घरून पेटते, जलदान विधीच्या दिवशी नातेवाईक जमतात, त्रिशरण-पंचशील होते, पुण्यानुमोदनाला गेलेल्या माणसाबद्दल चार जण उभे राहून चार शब्द बोलतात आणि त्या बोलण्यातच कितीतरी रडू वाहून जाते. पण ज्याला मारून टाकलेले असते त्याचा देह शवविच्छेदनगृहातून येतो, अंत्यविधी पोलीस बंदोबस्तात उरकला जातो, दारात गाड्या उभ्या राहतात, धनादेश देतानाचे फोटो निघतात, जबाब नोंदवायला आईलाच पुन्हा पुन्हा बोलावणे येते, आणि ज्या वस्तीने तिच्याजवळ बसायचे ती वस्ती स्वतःच दार लावून बसलेली असते. मग वर्षे जातात, खटल्याच्या तारखा पडत राहतात आणि शोक जिथल्या तिथे राहतो. तुझी आत्या बोलत नाही यामागे हेच असावे असे मला वाटते. तुम्ही ज्याला दहावा स्मृतिदिन म्हणता, तो तिच्यासाठी कदाचित पहिलाच मोकळा शोक असेल, हे ध्यानात ठेवून त्या दिवसाची आखणी कर.

आपल्याच भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी आठव. मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखाताई, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांची हत्या झाली आणि मृतदेह कालव्यात टाकले गेले. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो माणसे जमली होती आणि त्यांतल्या फारच थोड्यांना या घटनेची बातमी होती. पुरलेले देह पुन्हा बाहेर काढून दुसऱ्यांदा शवविच्छेदन करावे लागले. नोव्हेंबरमध्ये विदर्भभर मोर्चे निघाले तेव्हा कुठे हे प्रकरण देशाला कळले. या सगळ्या काळात भय्यालाल भोतमांगे यांना, पत्नी आणि तिन्ही लेकरे एकाच संध्याकाळी गमावलेल्या त्या माणसाला, शांतपणे बसून रडायला एक दिवस तरी मिळाला असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. न्यायालयात ते शेवटपर्यंत जात राहिले. २००८ च्या सप्टेंबरमध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या सर्वांची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासाची केली. आणि ज्या कायद्यासाठी सारा समाज रस्त्यावर उतरला होता तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही न्यायालयांनी या गुन्ह्याला लागू धरला नाही. जातीचा द्वेष निकालात आलाच नाही. जानेवारी २०१७ मध्ये भय्यालाल नागपुरात वारले.

हे तुला माहीत असणार, तरी लिहिले. कारण त्या चौघांची आठवण आपण कशी ठेवली ते तू पाहावेस असे मला वाटते. तेव्हा कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते, म्हणून त्या देहांचे फोटो हातोहात फिरवावे लागले आणि त्या वेळी ते करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण आज कुणापुढे खैरलांजी म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर तेच फोटो येतात. सुरेखाताईंनी आपली जमीन राखली, शेतातून रस्ता काढू पाहणाऱ्यांपुढे त्या मागे हटल्या नाहीत, मारहाण झालेल्या नातलगाच्या बाजूने त्यांनी पोलिसांपुढे साक्ष दिली, गरिबीत लेकरांना शाळेत घातले, मुलगी बारावीपर्यंत पोहोचली, हे सारे त्या फोटोंच्या मागे गेले. मारणाऱ्यांनी त्यांचे जे केले तेवढेच लोकांच्या लक्षात राहिले. द्वेषाने माणसाला मारणारा त्याला आधी माणूस म्हणून नाकारतो, आणि आपण फक्त जखमा दाखवीत राहिलो तर नकळत त्याच नाकारण्याला हातभार लावतो. म्हणून माझे तुला आग्रहाचे सांगणे आहे की बॅनरवर तो फोटो येऊ देऊ नकोस. तरुण मुले रागावतील, त्या फोटोशिवाय लोक पेटून उठणार नाहीत असे म्हणतील. त्यांना सांग की मरणाचा पुरावा न्यायालयाच्या कागदांत आहे आणि तो तिथे जपलाच पाहिजे. विहारात मात्र आत्या येऊन बसणार आहे.

मग विहारात काय असावे? त्याच्या जगण्याची नोंद असावी. एक जाड वही घे आणि पुढचे काही आठवडे संध्याकाळी, बाया निंदणावरून आल्यावर, घरोघरी जाऊन बस. तो रोवणीत कोणाच्या बांधीत चिखलणी करायला जायचा, दिवाळीनंतरच्या मंडईला दंडारीत नाचायचा की नुसता बघायचा, कोणाशी भांडायचा, लाखोळीची डाळ त्याला आवडायची की नाही, त्याने पहिल्या मजुरीतून काय विकत आणले, हे विचार. लोक आपल्या इकडच्या झाडीबोलीत सांगतील. ते तसेच उतरवून घे, पुस्तकी करू नकोस, कारण त्या बोलण्यात तो जसा होता तसा सापडेल. त्याचे दोषही कोणी सांगितले तर लिहून ठेव. गेलेल्या माणसाला हुतात्मा करण्याच्या घाईत त्याचा खोडकरपणा आणि हट्ट पुसले जातात, आणि आईला नेमका तोच हट्टी मुलगा हवा असतो. वही भरत आली की आत्याजवळ ने. तिने ऐकायचे नाही म्हटले तर आग्रह करू नकोस, वही तिच्या घरात ठेवून ये.

सभेत आत्याला व्यासपीठावर बसवू नका. वक्ता तिच्याकडे बोट दाखवून 'या माउलीकडे पाहा' म्हणतो तेव्हा तिच्यावर काय गुदरते ते मी जवळून पाहिले आहे, आणि माझा याला ठाम विरोध आहे. ती बायांमध्ये सतरंजीवर बसेल, वाटले तर बोलेल, वाटले तर उठून घरी जाईल. बाहेरच्या पुढाऱ्याला बोलवायचेच असेल तर त्याला वेळ आधी सांगा आणि त्याच्यासाठी कार्यक्रम थांबवू नका. आपल्या विदर्भाला सामुदायिक शोकाची रीत नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत, त्यांच्या निधनाच्या वेळी म्हणजे सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, हजारो माणसे एकाच क्षणी स्तब्ध उभी राहतात. नागपुरात २३ नोव्हेंबरला गोवारी स्मारकावर १९९४ च्या गोवारी समाजाच्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या ११४ जणांचे आप्त अजूनही फुले घेऊन येतात. ती घटना वेगळ्या प्रकारची होती, पण दरवर्षी ठरल्या दिवशी, ठरल्या जागी येण्याचे बळ काय असते ते तिथे दिसते. भाषणे कमी ठेवून अशी एक वेळ तुम्हीही ठरवा, म्हणजे पुढाऱ्यांची ये-जा थांबली तरी वस्ती त्या वेळी आपोआप जमेल.

आता कागदांविषयी. न्याय अडकलेला असताना कोणी घरच्यांना 'आता पुढे चला' म्हणू नये. तुमच्या खटल्याचे अपील अजून चालू आहे, तेव्हा प्रथम माहिती अहवाल, दोषारोपपत्र, साक्षी आणि निकाल यांच्या प्रतींचा एक संच विहारात आणि एक गावाबाहेर सुरक्षित ठेव. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्यावर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम १५-अ आले आहे, ज्याने पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा, सुनावणीची माहिती मिळण्याचा आणि जामिनासारख्या टप्प्यांवर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. तुमच्या प्रकरणाचा आढावा तिथे घेतला जातो का, हे लेखी विचार. तारखेला आत्यासोबत वस्तीतले कोणी ना कोणी जाईल याची पाळी लावून घे. कोर्टाच्या व्हरांड्यात एकटे बसावे लागणे हा दुःखाचा निराळा भाग आहे, आणि तो तुम्ही आजपासून कमी करू शकता.

गावातल्या इतरांविषयी तू विचारलेस, तो भाग मला सर्वांत अवघड वाटतो. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली आणि पुढे खैरलांजीलाही तंटामुक्तीचा पुरस्कार दिला गेला. हत्येची जबाबदारी गावाने मनाने घेतली की नाही हे कोणी विचारले नाही. भांडणे नोंदली जात नाहीत म्हणून शांतता आहे असे धरले गेले. अशी शांतता तुमच्यावर कोणी लादू पाहील. तहसीलदारांपुढे दोन्ही बाजूंनी चहा घ्यायचा, हात मिळवायचे आणि फोटो काढायचा, एवढ्याने मने सांधत नाहीत. उलट ज्याचे काहीच चुकले नाही त्याच्यावरच मोठेपणा दाखवायची सक्ती होते. तू त्यापेक्षा साधी गोष्ट माग. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे अर्ज दे की आमच्या गावातल्या या तरुणाची हत्या झाली त्याबद्दल ग्रामसभा शोकप्रस्ताव संमत करीत आहे आणि त्याचे नाव इतिवृत्तात नोंदवीत आहे. दहा वर्षांत गावाने हे वाक्य कधी उच्चारलेले नाही. काही जण उठून जातील, काही खाली पाहतील, एखादा म्हातारा शेतकरी कदाचित हात वर करील. त्या रात्री आरडाओरडा ऐकूनही घरात बसून राहिलेल्यांमध्ये लाज वाटणारी माणसे असतात आणि ती लाज बाहेर यायला त्यांना जागा मिळत नाही. प्रस्ताव फेटाळला तर फेटाळल्याची नोंद लेखी घे. तोही गावाचा इतिहासच आहे.

शाळेतल्या लेकरांकडे मात्र तुम्ही सर्वांनी नीट लक्ष द्यावे. जिल्हा परिषदेच्या त्याच शाळेत आरोपींच्या घरची मुले आणि तुमच्या वस्तीवरची मुले एका रांगेत बसून खिचडी खातात. तुमच्या मुलांना खरे काय घडले ते कळलेच पाहिजे. लपवले तर ती गल्लीतून अर्धवट ऐकतील आणि त्यांच्या मनात भीती वाढेल. लहानांना एवढे सांगावे की आपल्या दादाला काही लोकांनी जातीच्या रागातून मारले, ते चुकीचे होते, कायद्याने त्यांना पकडले आणि आपण दादाची आठवण ठेवतो. बाकीचे वय वाढेल तसे. पण शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या पोराकडे बोट दाखवून 'याच्या आजोबांनी' असे कोणी म्हणू लागले तर तिथेच थांबवा. आयुष्यभर वर्गात शिकवल्यावर मला हे पक्के माहीत आहे की जन्मावरून माणूस ठरवण्याची सवय सहा-सात वर्षांच्या वयातच लागते, आणि ज्या सवयीने तुझा आतेभाऊ गेला ती आपल्या अंगणात रुजू देणे म्हणजे त्याच्याशीच दगा आहे. वर्गशिक्षकांना भेट, त्यांच्याशी बोल.

क्षमेविषयी मी तुला काही सांगणार नाही. वंदनेत मैत्रीभावनेचे शब्द येतात आणि ते म्हणताना आत्याचा आवाज थांबत असेल तर थांबू दे. तिने क्षमा करावी असे म्हणण्याचा अधिकार तुला नाही, मला नाही आणि भंतेजींनाही नाही.

तुझ्या स्वतःच्या झोपेविषयी तू एका ओळीत लिहिलेस, ते मी नजरेआड केलेले नाही. शवविच्छेदनाचा अहवाल रात्री एकटीने वाचू नकोस. वाचायचाच असेल तर दिवसा, कोणाला तरी जवळ बसवून वाच. झोप उडणे, छाती धडधडणे, गर्दीत भीती वाटणे हे तुला किंवा आत्याला होत असेल तर १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. चळवळीत काम करणाऱ्यांना हे सांगितले की ते मनावर घेत नाहीत, आणि मग चांगली माणसे चार-पाच वर्षांत थकून बाजूला होतात.

आधी आत्याची भेट घे आणि ती जे सांगेल ते मला कळव. त्यानंतर ग्रामसभेच्या अर्जाचा मसुदा पाठव, मी शब्द तपासून देईन. ग्रामसेवकाकडे तो पोच घेऊनच द्यायचा आहे, म्हणून दोन प्रती काढ. कार्यक्रम धानाच्या कापणीआधी आणि संध्याकाळचा ठेवा, म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बायांचा दिवस बुडणार नाही. मी येईन, पण बोलणाऱ्यांच्या यादीत माझे नाव घालू नकोस. आत्याजवळ बसायला कोणीतरी लागेल.

तुझी,
बाई