‘येते’ म्हणू नकोस

प्रश्न : मावशी, मी २६ वर्षांची, मूळची नाशिकची, सध्या जर्मनीत शिकते. सुट्टीत पाच आठवडे ग्रीसच्या लेस्बोस बेटावर, मावरोवूनीच्या निर्वासित छावणीत मुलांच्या तंबूत काम करतेय. सहा वर्षांची एक अफगाण मुलगी मला ‘खाला’ म्हणते, दिवसभर सोडत नाही. दहा दिवसांनी मी निघणार. सोबतची एक जण म्हणते, गुपचूप नीघ, लहान आहे, विसरेल. मला ते पटत नाही, पण सांगायचा धीरही होत नाही. तिच्या आईला माझा फोन नंबर देऊ का?

उत्तर : हे उत्तर तुला त्याच रात्री मेलने पाठवलं होतं, नाहीतर अंक निघेपर्यंत तू परतली असतीस. तेच इथे देतेय.

गुपचूप निघू नकोस. मी सांगलीत मुलांच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षं सिस्टर होते. पोराचा डोळा चुकवून घरी जाणाऱ्या आया रोज बघितल्या. आई दुसऱ्या दिवशी परत आली तरी ते पोर झोपायचं नाही, तिचा पदर मुठीत धरून जागं राहायचं. सांगून गेलेल्या आईचं पोर भोकाड मोठं पसरायचं, पण झोपायचं.

आणि हे सगळं ठाऊक असून मी काय केलं ते ऐक. निवृत्तीनंतर, २०१९च्या नोव्हेंबरात, मी त्याच बेटावर मोरियाला होते. (ती छावणी पुढच्या सप्टेंबरात जळाली, मग तुमची उभी राहिली.) तीनेक हजारांसाठी बांधलेल्या जागी पंधरा हजारांवर माणसं; आत मावेनात ती कुंपणाबाहेर ऑलिव्हच्या बागेत, ताडपत्रीखाली. त्या बागेला सगळे ‘जंगल’च म्हणत. जेवणाच्या रांगेत आयांचे तास न् तास जायचे, तेवढा वेळ पोरं आमच्याकडे. त्यातला एक पाच वर्षांचा माझ्या ओढणीचं टोक धरून फिरायचा. तो दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, बोलायचा, मी मराठी. कागद, दरवाजा, साबण, हजार, एवढ्यावर भागायचं. थोड्या फरकाने हे शब्द दोघांचेही.

शेवटच्या दिवशी मी आपल्या वळणाप्रमाणे ‘जाते’ म्हटलं नाही. ‘येते’ला दरीत काय म्हणतात ते दुभाष्याला विचारून घोकून गेले होते : ‘मेआयम’. पोरगा खूश. म्हणाला, ‘फर्दा?’ म्हणजे उद्या. मला काही सुचेना, मी मान हलवली.

चार दुपारी तो तंबूच्या तोंडाशी उभा राहिला, आत खेळायला येईना. मागे राहिलेल्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं. अजून कुणाकडून निघताना ‘येते हं’ म्हणायला माझी जीभ अडखळते.

या पोरांना न सांगता नाहीशी होणारी माणसं नवी नाहीत गं. रात्रीत घर सोडलेलं असतं. कुठे बोलून बसेल म्हणून आजीचा निरोपसुद्धा घेऊ दिलेला नसतो.

तेव्हा आजच सांग. आई समोर असताना, दुभाष्यामार्फत, आणि ‘जाते’ हाच शब्द : ‘मेरवम’. तुमच्या छावणीला समुद्र लागूनच आहे. दहा खडे वेचून डब्यात घाल. रोज तू निघताना एक तिने काढायचा. त्या वयाला ‘दहा दिवस’ कळत नाहीत, रिकामा होणारा डबा कळतो. शेवटचे चार दिवस तुझ्यामागे राहणाऱ्या कुणाला तरी सोबत बसव, तुम्हा दोघींचा जो काही खेळ असेल तो त्यांना शिकव, आणि जरा जरा बाजूला हो. हे तिच्यापेक्षा तुला जड जाईल. कुणीतरी दिवसभर बिलगलेलं असणं आपल्यालाही हवंसं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्यापायी तिला धरून ठेवू नकोस. ती रडेल, पाठ फिरवेल, कदाचित चावेलही. चावू दे.

फोन नंबर नको. पहिला महिना उचलशील. परीक्षा आली की दोनदा राहील, आणि तिकडे पुन्हा ती दुपार. फोटोही काढू नकोस. काही द्यायचंच असेल तर सगळ्या पोरांना सारखं, खडू नाहीतर फुगे.

अजून एक. कागदपत्रं झाली की कुटुंबांना मुख्य भूमीवर हलवतात. माझ्या वेळी जेमतेम एखादा दिवस आधी कळायचं, आणि अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराची बोट रात्रीची. डबा रिकामा व्हायच्या आत तीच निघाली, तर उरलेले खडे तिला दे.