गुंफलेल्या आयुष्यांची पहिली कादंबरी लिहिताय?

तुझी तीन प्रकरणं वाचली. इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे पाच अनोळखी माणसं आणलीस, झकास! पण हुरळू नकोस. अनेकांची आयुष्यं एकमेकांत गुंतवणाऱ्या अशा कादंबऱ्या सुरुवातीला रंगतातच. नवं पात्र कुतूहल घेऊनच येतं. फसतात त्या मध्यावर, नवी पात्रं संपल्यावर.

सध्या एवढंच बघ:
– दोन पात्रं काढून टाक. (माझ्या पहिल्या खर्ड्यात अकरा होती, मलाच नावं आठवेनात.)
– योगायोग आवर. दोघं राजवाड्यासमोर एकदा एकमेकांना धडकले तर चालेल. दुसऱ्यांदा वाचक हसतो. त्यापेक्षा एकाच्या निर्णयाचा फटका दुसऱ्याला बसू दे: बुडवलेली उसनवारी, रिकामी करायला लावलेली खोली, मोडलेलं लग्न.

निवेदनाचे प्रयोग नंतर. आधी शेवटचं प्रकरण कच्चं लिहून दाखव.