खासदारांना भेटायला जाण्याआधी

वाचनालयांना जुन्या पुस्तकांच्या डिजिटल प्रती वाचकांना देता याव्यात, यासाठी कॉपीराइट कायद्यात बदल मागणारं निवेदन तू खासदारांना देणार आहेस. त्यावर सह्या करणारे कुठले, ते आधी बघ. तू सोलापूर शहरातला. पण करमाळा, सांगोला, माळशिरसची मंडळी माढा मतदारसंघात येतात, त्यांनी त्यांच्या खासदारांनाच गाठावं. आमदारांकडे हेलपाटे घालू नकोस. कॉपीराइट हा केंद्राचा विषय.

मागणी एकच ठेव. 'कायदा सुधारा' म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि निवेदन फायलीत जातं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ स्वतः वाच, कुठला वापर हक्कभंग ठरत नाही ते त्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाचनालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते, पण ती वाचकाला घरी वाचायला पाठवायची मोकळीक त्यात नाही. हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. तोवर कित्येक मराठी पुस्तकं छापायची थांबलेली असतात आणि कपाटात त्यांच्या पानांचा भुगा होतो. मला हे फार लागतं. म्हणून फक्त बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांपुरती सूट माग. लेखक-प्रकाशकांनाही आधी भेट, त्यांचं पोट यावर आहे.

निवेदन एक पानी, मराठीत, सोबत इंग्रजी प्रत. पीएंचा नंबर घे, पोच घे. अधिवेशनाच्या बरंच आधी जा, कारण लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. प्रश्नाचा मसुदा तूच लिहून ने. अपंग वाचकांसाठीची सूट २०१२ मध्ये आली, तीही त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर.