तर्री म्हणजे नेमकं काय? तेल की रस्सा?

प्रश्न असा: पुण्यात 'तर्री' म्हटलं की मिसळीवरचं लाल तेल, मग नागपुरात तर्री-पोहे मागवल्यावर पोह्यांवर चण्याचा रस्सा का येतो? आणि कोल्हापूरच्या कटवड्यातला 'कट' म्हणजे तर्रीच का?

दोन्ही तर्री बरोबर आहेत. मुळात फारसी 'तर' म्हणजे ओला. 'तरोताजा'मधला 'तर' तोच. त्यावरून 'तरी' म्हणजे ओलावा, आणि हिंदीत भाजीचा रस किंवा त्यावर तरंगणारं तूप-तेल, दोन्ही. मराठीत 'र'चं द्वित्त होऊन 'तर्री' झाली. विदर्भाने शब्द अख्ख्या रश्श्याला लावला, तोही बहुधा काळ्या चण्याच्या. पुण्याकडे तो वरच्या थरापुरता उरला. या थराला मराठीत 'तवंग' हा नेमका शब्द आहे; हॉटेलांत मात्र तो ऐकू येत नाही, याची हळहळ वाटते.

कट वेगळा. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं निथळून काढलेलं पाणी म्हणजे कट. त्याची होते ती कटाची आमटी. मिसळीचा कटही तसाच पातळ असतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण, मसाला आणि पाणी. कडधान्य नावालाच, कारण मटकीची उसळ बशीत आधीच वाढलेली असते. असा कट बटाटेवड्यावर ओतला की कटवडा. तो कापलेला वडा नव्हे! चहाचं 'कटिंग' तेवढं इंग्रजीतून आलं. थोडक्यात, कटावर तर्री असते, पण कट म्हणजे तर्री नव्हे. लिंगही पाहा: तो कट, तो रस्सा, पण ती तर्री.

घरी केलेल्या कटावर तर्री येत नाही, अशी तक्रार असते. बहुतेकदा वाटण कच्चं राहिलेलं असतं. चौघांसाठी 5-6 मोठे चमचे तेल लागतं. याहून कमी घेऊन पुण्याची तर्री मिळणार नाही. कांदा आणि सुकं खोबरं खरपूस भाजून, अगदी कमी पाण्यात बारीक वाटावं आणि कडेने तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतावं. मग तिखट. मिरचीचा लाल रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो, म्हणून तिखट पाण्याआधी तेलात पडायला हवं. पण धूर निघणाऱ्या तेलात घातलं तर ते करपतं, तर्री काळपट आणि कडू होते. रंगासाठी निम्मं तिखट ब्याडगीचं घ्यावं. त्यानंतर कडकडीत गरम पाणी घालून मंद आचेवर 15 मिनिटं उकळावं आणि गॅस बंद केल्यावर 5 मिनिटं हात लावू नये. सारखं ढवळलं किंवा दाटपणासाठी बेसन लावलं, तर तेल रश्श्यातच अडकून राहतं.

हॉटेलात कमी तेलकट हवं असेल तर 'तर्री नको, खालचा रस्सा द्या' असं सांगावं. वाढपी पळीने तवंग बाजूला सारून खालून घालतो. नुसतं 'कमी तिखट' म्हटलं तर पातेल्यातला मसाला काही बदलत नाही. फार तर तर्री कमी पडते. नागपुरात मात्र 'तर्री नको' म्हणू नका, कोरडे पोहे हातात येतील.