‘फसाड’ म्हणजे केवळ खोटा देखावा का?

प्रश्न : इंग्रजी लेखनात ‘फसाड’ हा शब्द कधी इमारतीविषयी, तर कधी माणसाच्या वागण्याविषयी येतो. शब्दकोशात ‘खोटा देखावा’ असा अर्थ मिळाला. परंतु दुःख लपवून हसतमुख राहणाऱ्या व्यक्तीबद्दलही तो वापरलेला वाचला आणि तिथे हा अर्थ पटला नाही. त्याचा योग्य वापर समजावून सांगावा.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हा शब्द इटालियनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून सतराव्या शतकात इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘चेहरा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. इमारतीचा दर्शनी भाग हा त्याचा मूळ अर्थ आजही प्रचारात असून त्यात निंदेचा लवलेशही नाही. एखाद्या जुन्या वास्तूच्या फसाडची डागडुजी झाली असे वाचले, तर तिथे दर्शनी भिंतीखेरीज दुसरे काहीही सुचवायचे नसते.

दर्शनी भिंतीच्या या शब्दाला दिखाऊपणाचा अर्थ का चिकटला, हे फ्लॉरेन्समधील सान लोरेन्झो या चर्चकडे पाहिले की चटकन ध्यानात येते. त्याच्या दर्शनी भागाचे काम मायकेलअँजेलोकडे सोपवण्यात आले होते, १५१८ मध्ये तसा करार झाला आणि १५२० मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे आतून देखण्या असलेल्या या चर्चची पुढची बाजू आजही ओबडधोबड दगडांची आहे. दर्शनी भाग हा मागील बांधकामाहून वेगळा, नंतर चढवता येण्याजोगा आणि प्रसंगी मुळीच नसलेला असू शकतो. समोर जे दिसते त्यावरून आत काय आहे हे कळेलच असे नाही, ही जाणीव एकोणिसाव्या शतकात माणसांच्या वागण्यालाही लागू झाली आणि शब्दाला लाक्षणिक अर्थ मिळाला.

म्हणूनच, माझ्या मते, या शब्दाचा गाभा फसवणूक हा नसून पुढचे आणि मागचे यांतील अंतर हा आहे. ‘हिपॉक्रसी’ म्हणजे दांभिकपणा. त्यात दोषारोप असतोच. ‘शॅम’ म्हणजे निव्वळ बनावट. ‘फसाड’ मात्र कर्जबाजारी माणसाच्या बडेजावालाही लागू पडतो आणि मुलांना धीर यावा म्हणून आईने चेहऱ्यावर आणलेल्या शांतपणालाही. पहिल्या ठिकाणी मराठीत ‘पोकळ डामडौल’ शोभेल. दुसऱ्या ठिकाणी ‘उसने अवसान’ किंवा ‘वरवरची शांतता’ असेच म्हणावे लागेल. तिथे ‘ढोंग’ लिहिणे त्या आईवर अन्याय करणारे ठरेल. शब्दकोशातील पहिला प्रतिशब्द उचलून सर्वत्र बसवण्याची घाई अनुवादात फार नुकसान करते.

वाक्यरचनेत एक गफलत नेहमी होते. ‘फसाड ऑफ’ यानंतर जे दाखवले जाते ते येते, जे लपवले जाते ते नव्हे. आतून घाबरलेला माणूस निर्धास्त असल्याचे भासवत असेल, तर ते ‘फसाड ऑफ कॉन्फिडन्स’ होय. ‘फसाड ऑफ फिअर’ असे लिहिल्यास अर्थ नेमका उलटा होईल. लपवलेली गोष्ट सांगायची असल्यास ‘बिहाइंड द फसाड’ अशी रचना करावी. हा आव आणण्यासाठी ‘पुट अप’, तो टिकवण्यासाठी ‘कीप अप’ किंवा ‘मेन्टेन’ आणि तो उघडा पडण्यासाठी ‘क्रॅक’ किंवा ‘क्रम्बल’ ही क्रियापदे रूढ आहेत. भिंतीला तडे जाणे आणि तिचा चुरा होणे या मूळ कल्पना त्यांत अजून जिवंत आहेत.

उच्चार ‘फसाड’ असाच असून आघात ‘सा’वर आहे. फ्रेंचमध्ये यातील ‘सी’ या अक्षराखाली एक लहान शेपटी असते आणि ती ‘स’ हा उच्चार दर्शवते. इंग्रजीत ती बहुधा गाळली जाते, त्यामुळे नवखे वाचक ‘फकेड’ असे वाचतात. दंगा या अर्थाचा ‘फसाद’ हा अरबी मूळ असलेला शब्द निराळा आहे आणि त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही.