‘निष्क्रिय’ सुरक्षा म्हणजे बंद पडलेली का?

परभणीच्या एका शिक्षिकेने विचारलंय : “अणुभट्टीवरच्या लेखात ‘निष्क्रिय सुरक्षा यंत्रणा’ असं वाचलं. वर्गात सांगितलं तर पोरं हसली. निष्क्रिय आहे तर कामाची कशी?”

मॅडम, पोरांचं बरोबर आहे. आपल्याकडे न वापरलेलं बँक खातं निष्क्रिय होतं, पोलीस बॉम्ब निष्क्रिय करतात. त्यामुळे निष्क्रिय सुरक्षा म्हणजे कुणीतरी बंद पाडलेली सुरक्षा, असंच कानाला वाटतं. ‘पॅसिव्ह’ला ठरलेला प्रतिशब्द लावून कुणीतरी मोकळं झालेलं दिसतं.

भट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहतं. बंद केल्याक्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के तरी असतेच. 2011 साली फुकुशिमात चालू भट्ट्या भूकंपानंतर बंद झाल्याच होत्या. पण त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि इंधन वितळलं. असा धोका टाळायला एपी-1000 नावाच्या अमेरिकी बनावटीच्या भट्टीत पाण्याची टाकी भट्टीभोवतीच्या पोलादी कवचाच्या वरच ठेवलीय. पाणी स्वतःच्या वजनाने कवचावर ओघळतं. बाहेरची वीज नसताना, कुणी हात न लावता 72 तास निभावेल अशी ती रचना. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पात हेच काम हवा करते : गरम हवा वर चढते, खालून थंड हवा येते, पंखा लागत नाही. ‘पॅसिव्ह’ सुरक्षा म्हणतात ती हीच.

आपल्या घरी लाईट गेली की बोअरची मोटार गप्प होते, गच्चीवरच्या टाकीचं पाणी मात्र नळाला येतच राहतं. संभाजीनगरची पाणचक्कीही तशीच. डोंगरातलं पाणी खापरी नळांतून उताराने यायचं, उंचावरून पडायचं आणि जातं फिरायचं.

‘स्वयंचलित’ म्हणू नका. वीज गेल्यावर स्वतःहून सुरू होणारा जनरेटरही स्वयंचलितच, आणि फुकुशिमात बुडाला तो तोच. ‘अंगभूत’ छान आहे, पण तो ‘इन्हेरंट’साठी राखावा, तापमान वाढलं की विखंडनच (अणू फुटणंच) मंदावतं, अशा गुणासाठी.

माझं मत ‘आपसूक’ला. पाडाचा आंबा आपसूक गळतो, तसं पाणी आपसूक खाली येतं. काही रचनांत सुरुवातीला झडप उघडायला बॅटरी लागते, तेवढी खोट काढणारे काढतील. परीक्षेत मात्र पोरांना पुस्तकातलाच शब्द लिहू द्या, मार्क त्यालाच मिळतात.