संत्र्याची साल आणि अनुस्वार

महाल, नागपूर

बेटा,

तू पाठवलेली संत्र्याच्या सालीची टाइल, म्हणजे वेबपानाच्या पार्श्वभूमीवर पुन्हा पुन्हा मांडायचा तो चौकोनी तुकडा, काल रात्री पानभर पसरवून पाहिली. दोन टाइल जुळतात तिथला सांधा शोधून सापडत नाही, त्याबद्दल शाबासकी. पण कोपऱ्यातला तो काळपट डाग पाहिलास का? एका टाइलमध्ये तो गोड दिसतो. पानावर वीस-पंचवीसदा आला की नजर सगळं सोडून त्याच्याच रांगा मोजत बसते. सांधा मिटवणं हे अर्धंच काम. टाइलमध्ये कोणी एकटा उठून दिसत असेल, तर त्याला आधी गर्दीत मिसळून टाक.

दुसरं म्हणजे उजेड. संत्रं गोल, म्हणून एक बाजू उजळ नि दुसरी मंद. पसरवल्यावर त्याच्या लाटा झाल्या आहेत. साल सोलून जाड पुस्तकाखाली सपाट कर आणि सावलीत फोटो घे. आपल्या मे महिन्याच्या उन्हात सालीचं एकेक छिद्र स्वतःची सावली पाडतं. तरी उरलाच फरक, तर फोटोशॉपमधला हाय पास फिल्टर बराचसा काढून टाकतो.

चित्र सरकवून एका कडेबाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत आणणारा ऑफसेट फिल्टर तू बरोबर वापरलास. ५१२ पिक्सेलची टाइल दोन्हीकडे २५६ ने सरकवली की चारही कडा मधोमध येतात आणि सांध्याचं अधिकचं चिन्ह दिसतं. दुरुस्ती तिथंच करायची. नवख्यांचा ब्रश हमखास कडेपर्यंत जातो आणि नुकतीच जुळलेली कड पुन्हा बिघडते. म्हणून झाल्यावर एकदा शंभर-सव्वाशे पिक्सेल सरकवून बघत जा. चूक असेल तर लगेच पुढे येते. जेपेग करशील तर सेव्ह केल्यावरही पसरवून बघ. त्यात चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबलं जातं, आणि डावीकडची कड दाबताना जेपेगला उजवीकडची माहीत नसते. जास्त दाबलं की मिटवलेला सांधा परत डोकावतो.

आता माझी एक फजिती. फार वर्षांपूर्वी इतवारीतल्या एका कापडवाल्यांसाठी मी पान केलं होतं. करवती साडीच्या काठाचे दाते घेतले, एकाआड एक ओळ अर्ध्याने खाली सरकवली. वेबपान कसं दिसावं ते सांगणारी भाषा, सीएसएस, अशी सरकवासरकव आपण होऊन करत नाही, दोन्ही ओळी एकाच टाइलमध्ये बसवाव्या लागतात. ते जमलं म्हणून मी खूश. शेठनी पान पाहिलं नि म्हणाले, "साडी त दिसून राहिली, पण भाव कुठी हाय?"

भाव होता. दात्यांत अडकला होता.

इंग्रजी साइटवर चालणारा पॅटर्न आपल्याकडे चालेलच असं नाही. बारीक ठिपक्यांवर 'चिंच' लिहून बघ, अनुस्वार कुठला नि ठिपका कुठला ते सांगता येत नाही. आडव्या रेघा तर आपल्या शिरोरेषेशीच भांडतात. म्हणून मजकुरामागे ठिपके आणि आडव्या रेघा मी वापरतच नाही. तिथे सपाट रंगाची पट्टी टाकतो, पॅटर्न दोन्ही बाजूंना. साधा मजकूर आणि त्यामागचा रंग यांत ४.५ ला १ एवढा काँट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक, हवा हा नियम तुला पाठ असेल. तो मोजताना टाइलमधला मजकुराच्या रंगाला सगळ्यात जवळचा पिक्सेल धर. सरासरी रंग धरलास तर आकडा पास होईल आणि वाचणारा नापास.

तुझी टाइल फोनवरही पाहिली. सीएसएसमधलं टाइलचं माप, बॅकग्राउंड-साइझ, टक्क्यांत दिल्यामुळे टाइलची रुंदी अपूर्णांकात गेली आणि केसाएवढी फट दिसायला लागली. मी उगाच तुझ्या सांध्यावर संशय घेतला होता. तिथं सरळ २५६ पिक्सेल लिही.

डाग काढून, सपाट सालीची नवी टाइल रविवारपर्यंत पाठव. साल लवकर सुकते, सोलल्या सोलल्या फोटो काढ. फोडी खायला मी आहेच.

तुझा,
काका